पुढून की मागून? : मानेच्या मणक्यांकडे जाणाऱ्या वाटा



मानेच्या ऑपरेशनचा विषय निघाला की ओपीडीत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला रुग्णाचा असतो: "पॅरालिसिस तर होणार नाही ना?" दुसरा बहुतेक वेळा सोबत आलेल्या मेहुण्याचा असतो: "डॉक्टर, मणके मागे असतात, मग तुम्ही गळा का कापता?" पहिल्याचं उत्तर मी आकड्यांत देतो आणि त्याने कुणाचंच समाधान होत नाही. दुसरा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो. कारण त्याच्या उलट प्रश्न, म्हणजे "दुखणं पुढे आहे, मग आपण पाठीमागून का जातो?" हा शल्यचिकित्सकांना पडायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं. आजचं व्याख्यान त्या मेहुण्यासाठी आहे असं समजा.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हाला शरीररचनाशास्त्र शिकवत. पुस्तक उघडण्याआधी ते विद्यार्थ्याला स्वतःचंच अंग चाचपायला लावत. तुम्हीही आता आपापला हात मानेवर न्या. मान खाली घाला. मागे सगळ्यात मोठा जो उंचवटा बोटाला लागतो, तो बहुतेकांत सातव्या मणक्याचा. आता हात पुढे आणा. हनुवटीखालचं कंठाचं हाड साधारण तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर असतं, कंठमणी चौथ्या-पाचव्याच्या. त्याखाली एक कडक कडं लागतं, ते सहाव्याच्या समोर येतं. या कड्यापासून बोट हळूच एका बाजूला सरकवा. नाडी लागली? ती मेंदूकडे जाणारी मोठी धमनी. दोन्ही बाजूंनी एकदम दाबू नका, घेरी येईल. कडं आणि नाडी यांच्यामध्ये बोट रुतेल अशी एक मऊ जागा आहे. आज मी तुम्हाला जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्या जागेत आहे.

आत मांडणी अशी. मानेचे मणके सात, त्यातून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. पुढे मणक्याचा भरीव भाग, दोन मणक्यांमध्ये गादी. त्यामागे मज्जारज्जूचा बोगदा, आणि बोगद्याच्या पाठीमागे हाडाची कमान. बोगद्याची पुढून मागे रुंदी सरासरी १७ मिलिमीटरच्या आसपास असते आणि मज्जारज्जू साधारण १० मिलिमीटर जाड. रुंदी १३ मिलिमीटरच्या खाली गेली की आम्ही बोगदा अरुंद म्हणतो. मज्जारज्जूला पुढून गादी, हाडाची वाढ किंवा कडक झालेला अस्थिबंध दाबू शकतो. मागून जाड झालेला पिवळा अस्थिबंध दाबतो. कोण कुठून दाबतंय, हे पाहून वाट ठरवायची. वाक्य सोपं आहे. पण आमच्या धंद्यातले बरेचसे अपयशाचे किस्से हे वाक्य विसरल्यामुळे घडलेले आहेत, असं माझं मत आहे.

मानेच्या मणक्यांच्या इजेची सगळ्यात जुनी नोंद इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये आहे. हाताशी असलेली प्रत इसवीसनापूर्वी सुमारे १६०० मधली, मूळ मजकूर त्याहून जुना. त्यात ४८ रुग्णांची वर्णनं आहेत. मानेचा मणका निखळलेल्या माणसाला हातपाय जाणवत नाहीत, लघवी कळत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि यावर इलाज करू नये, हेही. पुढची तीन हजार वर्षं त्या सल्ल्यात फारसा बदल झाला नाही. १८९१ साली टेक्सासमधल्या बर्थोल्ड हाड्रा यांनी मोडलेल्या मानेतले मागचे उंचवटे तारेने एकमेकांना बांधले, तिथून मानेच्या मणक्यांना कृत्रिम आधार देण्याची सुरुवात धरतात. वाट अर्थातच मागची. हाड मागून हाताला लागतं, तिथे मोठी रक्तवाहिनी नाही, अन्ननलिका नाही. स्नायू बाजूला सारायचे, कमान काढायची, मज्जारज्जू मोकळा करायचा. गाठ असेल, मागचा दाब असेल, तर हे उत्तम चालत असे, आजही चालतं.

पंचाईत गादीची झाली. सरकलेल्या गादीचा तुकडा ही गाठ नसून गादीच आहे, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी ठसवलं. पण गादी असते मज्जारज्जूच्या पुढे, आणि सर्जन उभा मागे. कमरेत मागून गेलं तर निदान नसा बाजूला सारता येतात, कारण तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. मानेत मज्जारज्जूला बाजूला सारणं म्हणजे त्याला इजा करणं. गादी कडेला सरकलेली असेल तर छोट्या भोकातून ती मागूनही काढता येते. मधोमध असेल तर त्या काळात माणूस ऑपरेशनआधी चालत येई आणि नंतर चालत जाईलच याची खात्री नसे.

मग १९५० च्या दशकात एकाच सुमाराला तीन-चार ठिकाणी लोकांनी गळ्यातून जायला सुरुवात केली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हाडांचे सर्जन रॉबर्ट रॉबिन्सन आणि मेंदूशल्यचिकित्सक जॉर्ज स्मिथ यांनी १९५५ मध्ये पहिला अहवाल आणि १९५८ मध्ये सविस्तर लेख प्रसिद्ध केला. १९५८ सालीच होनोलुलूच्या राल्फ क्लाउअर्ड यांची पद्धत छापून आली. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा हवाईत मेंदूच्या जखमा उघडणारा हाच माणूस होता, आणि त्याच्या हत्यारांत ती युद्धातली धिटाई दिसते. क्लाउअर्ड गादीच्या जागी गोल भोक पाडत, त्यातूनच मागची हाडाची वाढ खरवडून काढत आणि कमरेच्या हाडाचा दंडगोल त्यात ठोकून बसवत. रॉबिन्सन-स्मिथ अधिक संयमी होते. ते गादी काढत, कमरेच्या हाडाचा नालेसारखा तुकडा बसवत आणि मागची वाढ तशीच ठेवत. दोन मणके एकदा जुळले, हालचाल थांबली, की ती वाढ आपोआप विरघळते, असं त्यांचं म्हणणं. थोडीफार विरघळतेही, पण रुग्णाला तेवढी वाट पाहायला सांगणं मला कधी जमलं नाही. आज आम्ही तुकडा रॉबिन्सनसारखा बसवतो आणि वाढ क्लाउअर्डसारखी काढतो. कमरेच्या हाडाऐवजी आता बरेचदा टायटॅनियमचा किंवा प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा पिंजरा वापरतात. रुग्णांची गळ्यावरच्या जखमेबद्दल क्वचितच तक्रार असे, कमरेबद्दल मात्र महिनोन् महिने असे. त्यांची ती कटकट यामुळे गेली.

आता त्या मऊ जागेकडे परत या. गळ्याच्या एका बाजूला, त्वचेच्या नैसर्गिक घडीत आडवा छेद घेतात. दीड-दोन इंच. त्वचेखाली कागदासारखा पातळ स्नायू असतो, तो उघडायचा. कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू बाहेरच्या बाजूला सारायचा. मग बोट. होय, इथे सुरीचं काम संपतं आणि बोटाचं सुरू होतं. नाडीवर बोट ठेवून धमनी, मोठी शीर आणि त्यांच्यातली नस असं सगळं एकाच वेष्टनातलं गाठोडं बाहेर, आणि श्वासनलिका, अन्ननलिका, कंठग्रंथी आतल्या बाजूला. मधला भाग विणीसारखा विरळ असतो, तो आपणहून सुटत जातो. समोर पांढरट मणका दिसतो. स्नायू असा जवळजवळ एकही कापावा लागत नाही. मागच्या वाटेने, जिथे धोका नाही असं आपल्याला वाटतं, तिथे मात्र मानेला ताठ धरणारे जाड स्नायू हाडावरून सोलावे लागतात, आणि नंतर मान कित्येक दिवस ठणकत राहते. मेहुण्याला मी हेच सांगतो: गळ्यात आम्ही वाट कापत नाही, तिथे ती आधीपासून असते. गळ्याचे सर्जन अन्ननलिकेच्या आजारांसाठी तिथून आधीही जात होते. रॉबिन्सन आणि मंडळींनी आणखी थोडं आत पाहिलं, इतकंच.

मणका दिसला म्हणजे तो बरोबर मणका आहे असं नव्हे. गादीत सुई टोचून एक्स-रे घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि तरी तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

या वाटेवरचे धोके मी लपवणार नाही. अन्ननलिका बाजूला धरून ठेवल्यामुळे गिळताना अडखळणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. बहुतेकांत ती काही आठवड्यांत जाते, थोड्यांत रेंगाळते. स्वरयंत्राकडे जाणारी नस दुखावली तर आवाज घोगरा होतो. ही नस डावीकडे छातीतल्या महाधमनीला वळसा घालून वर येते आणि बऱ्यापैकी सरळ चढते. उजवीकडे तिचा वळसा वरच्या बाजूला आणि वाट तिरकी. म्हणून जुनी पुस्तकं डावीकडून जा म्हणतात. उजव्या हाताच्या सर्जनला मात्र उजवी बाजू सोयीची पडते, आणि प्रत्यक्ष पाहणीत दोन्ही बाजूंमध्ये फार फरक आढळलेला नाही. आधी एका बाजूने ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र दुसऱ्या बाजूने जाण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू हलतात की नाही हे पाहून घ्यावंच लागतं. एक तंतू आधीच निकामी आणि दुसऱ्यालाही इजा, असं झालं तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. आणखी वर, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांपाशी, दुसरी एक बारीक नस आहे. ती स्वरतंतू ताणते. ती गेली तर बोलणं तसंच राहतं, पण तार सप्तक जातं. आपल्याकडे कीर्तनकार, गायक, शाळामास्तर असे रुग्ण येतात, त्यामुळे व्यवसाय विचारायचा तो केवळ केसपेपर भरण्यासाठी नव्हे. ऑपरेशनच्या रात्री गळ्यात रक्त साचून श्वासनलिका दबू शकते. रुग्ण म्हणाला की "दम कोंडतोय", तर तपासणीसाठी न्यायचं नाही, टाके तिथेच बेडवर उघडायचे. वॉर्डातल्या परिचारिकांना हे माहीत असलं पाहिजे, आणि ज्या वॉर्डात ते माहीत असतं तिथे मी निश्चिंत झोपतो.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, मग पुढूनच जावं. दाब एका किंवा दोन गाद्यांचा असेल तर मीही बहुधा तेच म्हणेन. पण दाब चार-पाच मणक्यांवर पसरलेला असेल तर? जपानला हा प्रश्न सगळ्यात आधी आणि सगळ्यात तीव्रपणे पडला. तिथे मणक्यांच्या भरीव भागाच्या मागून, म्हणजे मज्जारज्जूच्या पुढून, उभा जाणारा अस्थिबंध हाडासारखा कडक होण्याचा आजार शंभरात दोन ते चार जणांत सापडतो. हे हाड पुढून काढायला गेलं तर मज्जारज्जूचं आवरण त्याला चिकटलेलं असतं. कमान मागून पूर्ण काढली तर रज्जू मागे सरकून मोकळा होतो, पण मागचा आधार गेल्यामुळे काही वर्षांत मान हंसाच्या मानेसारखी वाकू शकते. टोकियोच्या केओ विद्यापीठातले हिराबायाशी यांनी १९७७ मध्ये मधला मार्ग काढला. कमान काढायची नाही. एका बाजूला कापायची, दुसऱ्या बाजूला बिजागरीपुरती पातळ करायची आणि दार उघडतो तशी उघडून ठेवायची. बोगदा रुंद होतो, हाड राहतं. पुढे कुरोकावा यांनी मधोमध कापून दोन्हीकडे उघडणारं दार केलं. आमच्या हत्यारांच्या ट्रेमध्ये चकचकीत वस्तू पुष्कळ येतात. इतक्या साध्या युक्तीने इतकं काम करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

या दाराला अट एकच. मानेला तिचा नैसर्गिक बाक असला पाहिजे. मान आधीच पुढे झुकलेली असेल तर मागून दार उघडून उपयोग नाही, रज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो. म्हणून आम्ही एक्स-रेवर दुसऱ्या आणि सातव्या मणक्यांपाशी बोगद्याचे जे मध्य येतात त्यांना जोडणारी रेघ ओढून पाहतो. कडक झालेलं हाड रेघेच्या पुढे राहिलं तर मागून जावं. रेघ ओलांडून मागे आलं तर पुढून, किंवा दोन्हीकडून.

आणि जिथे दोन्ही वाटा चालतील असं सर्जनना प्रामाणिकपणे वाटतं, तिथे काय? याचं उत्तर मिळवायला उत्तर अमेरिकेत १५ रुग्णालयांनी मिळून मज्जारज्जू दबलेल्या १६३ रुग्णांची पुढून आणि मागून अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. २०२१ मध्ये 'जामा' या नियतकालिकात निकाल आला. वर्षभराने रुग्णांच्या शारीरिक क्षमतेत दोन्ही गटांत फरक नव्हता. गुंतागुंत मात्र पुढून ४८ टक्के आणि मागून २४, आणि पुढच्या वाटेच्या आकड्यात गिळण्याच्या तक्रारीचा वाटा मोठा. मागच्या वाटेतही दार उघडण्याची पद्धत जास्त बरी ठरल्यासारखी दिसली. पण ती कुणाला करायची हे सर्जननी स्वतः ठरवलं होतं, म्हणून त्या निष्कर्षाला मी हात जोडतो, लोटांगण घालत नाही. माझ्या पिढीतले बरेच जण गळ्याच्या वाटेचे भक्त. हा अभ्यास आम्हाला थोडा बोचला, आणि बोचला ते बरंच झालं.

इथे एक विषयांतर. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या कपाटात मानेचा एमआरआय असेल आणि त्यावर 'गादी फुगली' असं लिहिलेलं असेल. जपानमध्ये १२११ धडधाकट, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले; ८७.६ टक्क्यांत गादी फुगलेली सापडली. ऑपरेशन फोटोचं करत नाहीत. मी रुग्णाला विचारतो: सदऱ्याची बटणं लागतात का? घास नीट कालवता येतो का? पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, असं होतं का? दहा सेकंदांत मूठ किती वेळा उघडझाप होते? वीसच्या खाली गेली तर कान टवकारायचे. नुसती मान दुखणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौस ज्यांना असेल त्यांनी ती सोडावी. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या याच मणक्यांच्या भोकांतून वर चढतात.

आता वाटांकडे परत येतो. आधी क्षयाबद्दल थोडक्यात. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून गेलेला नाही. त्यात पुढचा भरीव भाग कुजतो, घशामागे पू साचतो. पुढचा मणका कुजलेला असताना मागची कमान काढली तर मान कोसळते, हे जगाने फार किंमत मोजून शिकलं. हाँगकाँगला हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ पासून पुढून जाऊन कुजलेलं हाड काढून तिथे नवीन हाड बसवण्याचा धडाका लावला. उलट टोकाला वाराणसीचे तुली यांनी १९७५ मध्ये दाखवलं की औषधं नीट दिली तर बहुतेकांना सुरी लागतच नाही. आमच्या ओपीडीत तुलींचा मार्गच चालतो आणि चालावा. सुरी फक्त ताकद जात असेल, पू श्वास अडवत असेल, किंवा मान टिकणार नसेल तेव्हा.

आता दोन मणक्यांमधला सगळ्यात वरचा सांधा. पहिला मणका कड्यासारखा, दुसऱ्याला वर आलेला दाताच्या आकाराचा खुंट, आणि त्या खुंटाभोवती कडं फिरतं. 'नाही' म्हणताना डोकं जे हलतं, त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं इथलं. कड्याच्या आत एक तृतीयांश जागा खुंटाची, एक तृतीयांश मज्जारज्जूची, एक तृतीयांश मोकळी. सांधा सुटला की ही मोकळी जागा संपते आणि खुंट श्वास चालवणाऱ्या भागावर टेकतो. गळ्यातली वाट इतक्या वर पोचत नाही. म्हणून लोक तोंडातून गेले. शिकागोच्या कॅनव्हेल यांनी पहिला मणका आणि कवटी यांमध्ये अडकलेली बंदुकीची गोळी तोंडातून काढल्याचं १९१७ मध्ये लिहिलं. १९६२ मध्ये हाँगकाँगच्या फांग आणि ओंग यांनी या वाटेची रीतसर मांडणी केली. वाट सरळ, पण तोंडातले जंतू सोबत येतात, आणि खुंट काढल्यावर पुन्हा मागून जाऊन सांधा पक्का करावाच लागतो.

इथे परळच्या केईएम रुग्णालयाचं नाव घ्यावं लागेल. तिथल्या अतुल गोयल यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मागूनच त्या सांध्यात शिरायला सुरुवात केली. लाहेरी यांच्यासोबतचा त्यांचा लेख १९९४ मध्ये ऑस्ट्रियातून निघणाऱ्या नियतकालिकात आला. त्याआधी तारा बांधत, किंवा मागर्ल यांच्या पद्धतीने दोन्ही मणक्यांतून एकच लांब स्क्रू तिरका घालत. गोयल यांनी पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात स्वतंत्र स्क्रू घातले, ते पट्टीने जोडले, सांधा उघडून त्याची कूर्चा खरवडली आणि त्यात हाड भरलं. जागा अशी की शिरांच्या जाळ्यातून रक्त भळाभळा येतं, मणक्यांच्या भोकांतून चढणारी धमनी बोटाच्या अंतरावर, आणि मानेच्या नसांतली दुसऱ्या क्रमांकाची नस कापावी लागते, त्यामुळे डोक्याचा मागचा भाग बधिर होतो. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीच्या जागी सळई आणि सर्व दिशांना वळणारे स्क्रू आणले. पाश्चात्त्य पुस्तकांत बराच काळ फक्त हार्म्स यांचं नाव होतं, आता दोघांची नावं जोडून लिहितात. हे जोडनाव मिळायला परळच्या सरकारी नव्हे, महापालिकेच्या रुग्णालयातल्या गर्दीतून आलेल्या कामाला किती वर्षं लागली, याची नोंद तुम्ही ठेवा.

२००४ मध्ये गोयल यांनी आणखी पुढची पायरी गाठली. खुंट कवटीत वर घुसलेल्या रुग्णांत, आणि असे रुग्ण आपल्याकडे तुलनेने बरेच, सांधा मागूनच फाकवून मध्ये धातूचा ठोकळा बसवला की खुंट खाली उतरतो. म्हणजे पुढच्या दाबावर मागून इलाज. दाब जिकडून तिकडून जायचं, हा मगाशी मी सांगितलेला नियम इथे मोडतो, कारण इथे दाबणारी वस्तू जागेवरून हलवता येते. ही पद्धत रुळल्यापासून तोंडातून जाण्याचे प्रसंग खूपच कमी झाले.

त्यानंतर गोयल यांनी जे मांडलं त्यावर मात्र परिषदांत खडाजंगी होते. २०१५ च्या एका लेखात त्यांनी सुचवलं की मेंदूचा खालचा भाग मानेत उतरण्याच्या कियारी नावाच्या विकृतीमागेही याच सांध्याची अस्थिरता आहे, एक्स-रेवर दिसत नसली तरी, आणि त्यावर सांधा पक्का करावा. पासष्ट रुग्णांचे निकाल त्यांनी दिले. माझी अडचण अशी की सांधा पक्का केला की मानेचं निम्मं वळणं कायमचं जातं, आणि कवटीमागचं थोडं हाड काढून जागा करून देण्याच्या जुन्या पद्धतीत ते जात नाही. सांधा खरोखर सुटलेला असेल तर मी केईएमच्या वाटेने जातो. तो सुटलेला दिसत नसेल तर कियारीच्या रुग्णाला मी आधी जुनंच ऑपरेशन सुचवतो, आणि माझे दोन तरुण सहकारी दर वेळी माझ्याशी त्यावरून भांडतात.